तीन कोट सोनेरी रंग

मी एक जुनी ब्युरेट आहे आणि मित्रांनो, खरं सांगते, मी अजूनही हादरलेलीच आहे. आमच्या जातीला धक्का सोसत नाही. टेबलाच्या कडेवरून घरंगळलो की आमचं आयुष्य संपलं, मग केरसुणी येते आणि जाते. मला मात्र कुणी पाडलं नाही, आपटलं नाही. माझा सत्कार केला. त्या सत्कारातून मी जिवंत कशी परत आले, ते आठवलं की आजही माझ्या तोटीपाशी बारीक थरथर होते.

ज्यांनी मला कधी पाहिलं नसेल त्यांना आधी ओळख करून देते. ब्युरेट म्हणजे काचेची लांब, बारीक, उभी नळी. अंगावर वरपासून खालपर्यंत रेघा आणि आकडे, तळाशी एक छोटी काचेची तोटी. तोटी हळूच फिरवली की माझ्यातलं द्रावण थेंब थेंब खाली पडतं आणि किती पडलं ते रेघांवर वाचता येतं. एवढंच माझं काम. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं.

माझा जन्म दूर अंबाल्याचा. तिथल्या एका कारागिरानं नळी ज्योतीवर फिरवत फिरवत ओढली आणि खालचं टोक सुईसारखं निमुळतं केलं. मग त्यानं माझ्या अंगभर मेण फासलं, मेणात सुईनं रेघा ओढल्या आणि वरून ॲसिड लावलं! आयुष्यातला माझा पहिला धक्का तो. जिथं मेण नव्हतं तिथं ॲसिडनं माझी काच खाल्ली. म्हणून माझ्या रेघा वरवर रंगवलेल्या नाहीत, काचेत कोरलेल्या आहेत. त्या खाचांत तपकिरी रंग भरला, वरचं पुसून घेतलं, कागदाच्या कातरणात गुंडाळलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात.

उघडणारे हात रत्नमाला मॅडमचे होते. त्या तेव्हा नोकरीला नव्यानंच लागल्या होत्या. सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, पदराच्या टोकाला ॲसिडनं पडलेली भोकं. त्यांनी मला उजेडाकडे धरून पाहिलं, तोटी काढून तिला व्हॅसलीनचा अगदी पातळ थर लावला आणि परत बसवली. "हं, आता फिर बघू," म्हणाल्या. मी फिरले. त्या दिवसापासून दर आठवड्याला माझ्या तोटीला व्हॅसलीन लागलं. सुट्टी असो, परीक्षा असो, घरी पाहुणे असोत. त्या व्हॅसलीननं पुढं काय केलं, ते ऐकाल तेव्हा तुम्हीही थक्क व्हाल.

शिकवताना मॅडमचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "धार नको रे, थेंब." पोरांना घाई. कुणाला वाळूजची बस गाठायची, कुणाला कँटीनचा वडा. पोरं तोटी सताड उघडायची आणि खालच्या चंबूतला रंग एका दमात बदलून पलीकडे जायचा. "गेला," मॅडम म्हणायच्या. "पुन्हा भर. रंग बदलतो तो एका थेंबाला. त्या थेंबाला भेटायचं असेल तर सावकाश यावं लागतं."

इंद्रजीत त्याच पोरांतला एक. राहायला बजाजनगरला, एका खोलीत. वडील वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळीला. ते सकाळी घरी येऊन झोपायचे, तेव्हा खोलीत आवाज नको म्हणून हा भल्या सकाळीच बाहेर पडायचा आणि प्रयोगशाळा उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायचा. पोरगा हुशार, पण फार चटपटीत. एकदा त्यानं वही पुढं केली आणि मॅडमनी चष्मा लावला.

"तिन्ही रीडिंग अगदी एकसारखी? वा! निसर्गानं तुझ्याशी करार केलाय का रे?"

"नाही मॅडम, हात बसलाय आता."

"हात नाही, खोडरबर बसलंय. चल, पुन्हा कर. मी बसते इथंच."

आणि त्या खरंच बसल्या. त्यांची बस गेली, पुढची गेली. इंद्रजीतनं घामाघूम होऊन तीन वेळा प्रयोग केला आणि तिन्ही रीडिंग थोडी थोडी वेगळी आली. "आता खरं वाटतंय," मॅडम म्हणाल्या आणि डब्यातली उरलेली पोळी त्याला दिली. त्यानंतर तो पोरगा मला दोन्ही हातांनी उचलायचा, तान्हं बाळ उचलावं तसं. म्हणून तर पुढं जे झालं त्याचा धक्का मला जास्त बसला.

मॅडमनी संशोधनही केलं ते माझ्याच सोबतीनं. आसपासच्या विहिरींचं पाणी कोणत्या ऋतूत कसं बदलतं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं माग काढला. तो अभ्यास परदेशात छापून आला, तेव्हा स्टाफरूममध्ये एक सर मॅडमना काय म्हणाले असतील? "मॅडम, आमच्या विहिरीचं पाणी गोड लागतं, त्याचंही छापा की काहीतरी." सगळे हसले. मॅडमही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या सरांच्या विहिरीचं पाणी खरोखर मागवलं आणि तपासून दिलं.

मग मॅडम निवृत्त झाल्या. कॉलेजात बटणांची नवी यंत्रं आली आणि जुनी काच एका कोपऱ्यात मोडीसाठी जमा झाली. मीही त्यात होते.  निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी मॅडमना विचारलं, तुम्हांला काय भेट देऊ? त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही? अहो, चांदीचा कप घ्या मॅडम!"

"चांदीच्या कपातून थेंब पडत नाही हो," त्या म्हणाल्या.

रीतसर परवानगी घेऊन त्यांनी मला घरी आणलं. नळाच्या कामातून उरलेला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना टोपणं लावली आणि आत मऊ कापड घातलं. ते कापड म्हणजे मालनबाईंच्या जुन्या लुगड्याचा पदर. मालनबाई मॅडमच्या आई. कान थोडे जड, जीभ मात्र तल्लख. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "आमच्या रत्नाची नळी माझ्या लुगड्यात निजती. मला मेलीला चादर मिळंना, पर तिला पाइपाचा बंगला हाय."

त्या बंगल्यात बसून मी जायचे कुठं? करमाडच्या पुढं एक वस्ती आहे, तिथं. वस्तीला पाणी एकाच विहिरीचं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, म्हणजे पाण्यातले रोगजंतू मरतात. पण पावडरचं पोतं जुनं झालं की तिची ताकद उडून जाते, हे डोळ्यांना दिसत नाही. वस्तीवरचा पुंजाराम अंदाजानं टाकायचा. कधी कमी पडायची आणि पोरं आजारी पडायची. कधी जास्त व्हायची आणि पाण्याला इतका वास यायचा की बाया ते ओतून देऊन नाल्याकडच्या डबक्यावर जायच्या. एका वर्षी वस्तीत काविळीची साथ आली, तेव्हा मॅडमनी मला पाइपात घातलं आणि एसटीत बसल्या.

त्या दिवसापासून प्रत्येक पोत्याची परीक्षा माझ्याकडे. वस्तीतल्या मनकर्णाबाईंच्या ओट्यावर मला स्टँडला उभं करायचं. पावडरचं पाणी चंबूत घेऊन त्यात दोन औषधं घातली की ते पिवळट तपकिरी व्हायचं. मग मनकर्णाबाई घरातून भाताची पेज आणायच्या. पेजेचे चार थेंब पडले की चंबू गर्द निळा! आणि मग माझं काम. थेंब, थेंब, थेंब. शेवटच्या एका थेंबाला ते निळं सगळंच्या सगळं नाहीसं व्हायचं आणि चंबूत नुसतं स्वच्छ पाणी दिसायचं. माझ्यातून जितकं द्रावण खर्ची पडलं, तितकी पावडर ताकदीची. त्यावरून मॅडम पुंजारामला माप सांगायच्या.

"निळं गेलं!" बाया ओरडायच्या. पहिल्यांदा तर एकीनं भीतीनं पदर तोंडाला लावला होता. मनकर्णाबाई मात्र पेजेच्या वाटीवरून भाव खायच्या. "माझ्या भाताबिगर मॅडमबाईचं काय चालत नाय," म्हणायच्या. आणि ते खरं होतं.

बाया रंग स्वतः पाहायच्या, म्हणून पाणी प्यायच्या. त्यांना मी दिसत होते. मॅडमच्या डोळ्यांना मात्र मी कमी कमी दिसू लागले होते. माझ्या रेघांतला तपकिरी रंग इतक्या वर्षांच्या धुण्यापुसण्यात निघून गेला होता. काचेवर काचेच्या रेघा. मॅडम डोळे बारीक करायच्या, मागं काळा कागद धरायच्या, चष्मा वर करायच्या, खाली करायच्या. "तू म्हातारी झालीस का मी?" विचारायच्या. मी काय बोलणार?

तर मित्रांनो, आता तो सत्कार.

यंदा वस्तीत पुन्हा कावीळ निघाली. मनकर्णाबाईंची नात सायली पिवळ्या डोळ्यांनी अंथरुणाला खिळली. पंचायतीनं पावडरची नवी पोती आणली, पण जुनीही तिथंच पडून होती आणि कुठली किती टाकायची ते कुणाला सांगता येईना. मॅडमनी निरोप धाडला, रविवारी दुपारी येते, तोवर विहिरीत काही टाकू नका आणि पाणी उकळून प्या.

त्याच रविवारी सकाळी शहरात मॅडमचा गौरव होता. जुन्या विद्यार्थ्यांनी समिती केली होती आणि समितीचा म्होरक्या आपला इंद्रजीत. त्याचा आता वाळूजला स्वतःचा कारखाना आहे, गाड्यांच्या भागांना रंग देण्याचा. मॅडमना विसरला नव्हता तो पोरगा, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे. गौरवाच्या दोन दिवस आधी मॅडम बाजारात गेल्या असताना तो घरी आला.

"आज्जी, मॅडमची सगळ्यांत आवडती वस्तू कोणती?"

"ती नळी की. दुसरं काय हाय तिच्या नशिबात!"

"मग ती मला द्या दोन दिवस. मॅडमना सांगू नका हां. चकित करायचंय."

"पालिश करतोस व्हय? कर बाबा, कर," म्हणत मालनबाईंनी पाइपासकट मला त्याच्या हातात दिलं. वर लुगड्याचा पदर नीट आत खोचून दिला.

मला वाटलं, पोरगा मला भेटायला आला. इतक्या वर्षांनी पुन्हा दोन्ही हातांनी उचलेल, उजेडाकडे धरेल. त्यानं तसंच उचललं. तेच हात. आणि मग त्या हातांनी मला कारखान्यात एका तारेला टांगलं आणि माझ्यावर फवारा मारला!

काय होतंय तेच मला कळेना. उग्र वास, थंडगार तुषार, आणि माझ्यातून आरपार जाणारा उजेड हळूहळू बंद. काच असून आंधळी होणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. एक कोट वाळला, दुसरा दिला. दुसरा वाळला, तिसरा दिला. कारागीर म्हणाला, "साहेब, मी मारतो की," तर इंद्रजीत म्हणाला, "हात लावू नको. हे माझं काम आहे." किती प्रेमानं म्हणाला! ते ऐकून मला आणखीच घाबरल्यासारखं झालं. रागानं केलेलं निदान थांबतं तरी. प्रेमानं चाललेलं कोण थांबवणार?

मग त्यानं मला एका लाकडी पाटीवर दोन चापांत बसवलं. माझी तोटी हलत होती. त्यानं झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढली आणि तोटीच्या कडेनं गोल फिरवली. मी ओरडू शकले असते तर वाळूजच्या सगळ्या पाळ्या थांबल्या असत्या.

इकडे घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. शनिवारी संध्याकाळी मॅडम सामान बांधायला बसल्या तर पाइप नाही! कपाट उपसलं, माळा उपसला, पलंग सरकवला. मालनबाई खाटेवर बसून गालातल्या गालात हसत होत्या. "आई, नळी पाहिलीस का?" "मला कुठं ऐकू येतंय बाई." दुकानं मिटली होती आणि दुसऱ्या दिवशी रविवार. मॅडमनी शेवटी मनकर्णाबाईंना फोन केला, की मावशी, नळी सापडत नाही, काय करू? मनकर्णाबाई म्हणाल्या, "सापडंल. तुमी फंक्शन करून घ्या. मी पावडर घिऊनच येते तिकडं, मंग संगंच माघारी जाऊ."

म्हणून रविवारी सकाळी त्या सभागृहात पहिल्या रांगेत एका बाजूला इंद्रजीतचे आईवडील, वडिलांच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, मधे मालनबाई आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर पावडरचे दोन स्टीलचे डबे धरून बसलेल्या मनकर्णाबाई. मी मंचावर, मखमली कापडाखाली.

भाषणं झाली. संशोधन झालं, अध्यापन झालं, समाजसेवा झाली. "आणि आता मानचिन्ह!" असं निवेदिका म्हणाली, इंद्रजीतनं कापड ओढलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अगं बया!" मनकर्णाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. "मॅडमबाईची नळी सोन्याची केली!"

मी मॅडमकडे पाहत होते. कसं पाहत होते ते विचारू नका, तीन कोटांतून पाहत होते. मॅडमचा चेहरा क्षणभर कोऱ्या कागदासारखा झाला. मग त्यांनी इंद्रजीतकडे पाहिलं, त्याच्या वडिलांकडे पाहिलं आणि त्या हसल्या. फोटो निघाला. तो फोटो आजही घरी आहे. त्यात सगळे मॅडमच्या हसण्याकडे बघतात. तुम्ही त्यांच्या हाताकडे बघा. सवयीनं बोटं माझ्या तोटीवर गेलेली आहेत आणि तोटी फिरत नाहीये.

त्यांनी पाटीवरची अक्षरं वाचली. 'संशोधन, अध्यापन आणि समाजसेवेतील कृतार्थ जीवनाचा गौरव.' कृतार्थ म्हणजे जिचं सगळं करून झालं ती. पुन्हा एकदा त्यांनी तोटी फिरवून पाहिली. जोर लावला असता तर मी तुटले असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जोर लावला नाही.

दोन शब्द बोलायला म्हणून त्या मला घेऊन माइकपाशी उभ्या राहिल्या.  बोलल्या असत्या तर त्या पोराचं मन मोडलं असतं, तेही आईबापांसमोर. आणि गप्प राहिल्या असत्या तर वस्तीच्या विहिरीत संध्याकाळी पुन्हा अंदाजानं पावडर पडली असती. मला वाटलं, मॅडम, बोला. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, नका बोलू.

"इंद्रजीत, इकडे ये रे," मॅडम म्हणाल्या. तो लगबगीनं आला. "रंग कुणी दिला?"

"मीच, मॅडम. तीन कोट."

"सुरेख बसलाय. कसला आहे?"

"नायट्रोसेल्युलोज लॅकर, मॅडम."

"आणि तोटी?"

"ती हलत होती मॅडम, पडली असती. म्हणून चिकटवली."

"हलण्यासाठीच असते रे ती."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "इंद्र्या, तोंडी परीक्षा चाललीय तुझी!" पुन्हा हशा. इंद्रजीतही हसला.

"बरं, हे लॅकर कशात विरघळतं?"

"ॲसिटोनमध्ये, मॅडम."

"आणि तुझा तो गोंद?"

"तोही ॲसिटोन..." त्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं मॅडमच्या डोळ्यांत पाहिलं, मग माझ्या तोटीवरच्या त्यांच्या बोटांकडे पाहिलं. त्याचा आवाज माइकलाही नीट ऐकू गेला नसेल. "मॅडम, तुम्ही अजून वापरता ही?"

"आज दुपारी वापरायची होती."

इंद्रजीतनं पाटीवरची अक्षरं पुन्हा वाचली. 

"पण तुम्ही तर रिटायर झालात ना, मॅडम? आम्हां सगळ्यांना वाटलं..."

"कॉलेजातून झाले रे. विहिरीतून कुठं झाले?"

मग माइककडे वळून त्या म्हणाल्या, "तुमचा गौरव मी मनापासून घेतला. आता मला रजा द्या. मानचिन्हाला दुपारी काम आहे."

इंद्रजीत मंचावरून पळतच गेला. रंगाच्या धंद्यातला माणूस, त्याच्या गाडीच्या डिकीत ॲसिटोनचा कॅन कायम असायचा. सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यात, मोकळ्या हवेत, त्यानं अंगातला कोट काढला, बाह्या सारल्या आणि जेवणवाल्यांकडून स्टीलची परात मागून आणली. मला चापांतून सोडवलं आणि परातीत ॲसिटोन ओतून माझं तोटीकडचं टोक बुडवून ठेवलं. रुमाल भिजवून अंग पुसायला घेतलं. 

"अरं अरं, सोनं पुसायलास व्हय रं?" मनकर्णाबाई डबे घेऊन धावत आल्या. "येडा झालास का काय? मॅडमबाई, याला आवरा की!"

"मावशी, या सोन्यातून निळं दिसायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग एवढं केलं कशाला?"

 मालनबाई मधेच म्हणाल्या, "मला म्हनला, पालिश करतो."

"आई, म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मला कुठं ऐकू येतंय बाई," असं म्हणत मालनबाई जिलेबीच्या दिशेनं निघून गेल्या.

बराच वेळ गेला. मॅडमनी मला परातीतून उचललं, तोटीला दोन बोटं लावली आणि अलगद पीळ दिला. तोटी फिरली! गोंद फक्त बाहेरच्या कडेला बसला होता, आत शिरलाच नव्हता. आत होतं व्हॅसलीन. दर आठवड्याचा तो पातळ थर, इतक्या वर्षांचा. मित्रांनो, ज्या काळजीकडे कुणाचं लक्षही जात नाही ना, तीच अशी एखाद्या दिवशी मधे उभी राहते आणि वाचवते.

इंद्रजीत खाली मान घालून पुसत होता. सोनेरी डाग त्याच्या शर्टावर उतरत होते. माझ्या अंगावरचा उजेड परत येत होता. आधी धूसर, मग लख्ख. अंबाल्याच्या ज्योतीतून बाहेर आले त्या दिवशीही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यानं रुमालाचं कोरडं टोक घेतलं आणि माझ्या रेघांवर घासायला लागला.

"थांब!" मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की तो दचकला. मीही दचकले. आता आणखी काय?

मॅडमनी मला त्याच्या हातातून घेतलं आणि उजेडाकडे धरलं. चष्मा लावलेलाच नव्हता, तो दोरीला लोंबत होता. तशाच त्या वाचू लागल्या. "दहा. अकरा. बारा." मग त्यांनी मला त्याच्यापुढं धरलं. "इंद्रजीत, हे बघ."

रुमाल माझ्या अंगावरून फिरला होता, पण कोरलेल्या खाचांत पोचला नव्हता. काच सगळी स्वच्छ झाली होती. प्रत्येक रेघेत आणि प्रत्येक आकड्यात मात्र सोनं भरून राहिलं होतं. जिथला तपकिरी रंग कधीच झिजून गेला होता, बरोबर तिथं.

 इंद्रजीतनं बाहीनं डोळे पुसले, त्यामुळे गालावर एक सोनेरी पट्टा उमटला आणि तो दिवसभर तसाच राहिला.

दुपारी त्याच्याच गाडीतून आम्ही वस्तीवर गेलो. मनकर्णाबाई पुढच्या सीटवर, डबे मांडीवर. मला साबणानं धुतलं, साध्या पाण्यानं धुतलं, द्रावणानं खळखळून धुतलं आणि ओट्यावर उभं केलं. पेज आली. जुन्या पोत्याची पावडर आधी. माझ्यातून जेमतेम थोडं द्रावण गेलं आणि निळं उडालं. "मेलीय ही," मॅडम म्हणाल्या. पुंजारामनं कपाळावर हात मारला. परवा तो हीच टाकायला निघाला होता. मग नव्या पोत्याची. तोटी इंद्रजीतच्या हातात होती. थेंब पडत राहिले, पडत राहिले, चंबू तसाच निळा. त्याला घाई झाली असावी, बोटं जरा जास्त फिरली.

"धार नको रे," मॅडम म्हणाल्या.

"थेंब," तो म्हणाला.

आणि एक थेंब पडला. "निळं गेलं!" या वेळी पहिला आवाज आतून आला. दाराशी टाकलेल्या बाजेवरून, मान उचलून, पिवळ्या डोळ्यांची सायली ओरडली होती. मॅडमनी चष्म्याशिवाय माझी रेघ वाचली आणि पुंजारामला माप सांगितलं. त्या संध्याकाळी विहिरीत पावडर पडली ती मोजून. पाण्याला वास आला नाही, बाया डबक्यावर गेल्या नाहीत आणि त्या साथीत वस्तीतलं आणखी कुणी पिवळं पडलं नाही.

मित्रांनो, माझी तुम्हांला एक विनवणी आहे. कुणाचा गौरव करावासा वाटला तर जरूर करा, हार घाला, टाळ्या वाजवा. पण आधी एकदा त्यांच्या घरी जा आणि विचारा, सध्या काय चाललंय? ज्या वस्तूनं त्यांनी काम केलं ती काचेच्या कपाटात बंद करू नका. तिला धुवा, पुसा, तिच्या तोटीला व्हॅसलीन लावा आणि तिच्या माणसाच्या हातात परत द्या. इंद्रजीत हल्ली तेच करतो. महिन्यातून एकदा रविवारी येतो, मला दोन्ही हातांनी उचलतो आणि गाडी काढतो.

ती लाकडी पाटी मॅडमनी दिवाणखान्यात लावली आहे. त्यांना ती आवडते. पाटीवर अक्षरं आहेत, दोन चाप आहेत, मधली जागा रिकामी आहे. पाहुणे येतात, पाटीकडे बघतात आणि विचारतात, "अहो, यातलं मानचिन्ह कुठं गेलं?"

मालनबाईंना तेवढं मात्र बरोबर ऐकू येतं. त्या खाटेवरून सांगतात, "कामाला गेलंय."